डेझर्टसाठी पोर्ट, मदीरा की पेद्रो हिमेनेथ? उघडलेली बाटली किती टिकते ते आधी बघा

विंटेज पोर्टची (एकाच वर्षाच्या द्राक्षांची, स्पिरिट घातलेली गोड पोर्तुगीज वाईन) उरलेली अर्धी बाटली ओतून देताना जीव तुटतो. चव, सुगंध, नावलौकिक सगळं मान्य. पण रोज एखादा छोटा ग्लास पिणाऱ्या घरात ही वाईन परवडत नाही. पिंपात जेमतेम दोन-अडीच वर्षं, पुढचं सगळं आयुष्य बंद बाटलीत. हवेची सवयच नसते. बूच निघालं की दोन-तीन दिवसांत फळाचा स्वाद बसतो आणि मागे नुसता अल्कोहोलचा चटका उरतो. १९-२० टक्के अल्कोहोल आहे म्हणजे टिकेल, हा समज खोटा. स्पिरिट घालतात ते आंबणं मध्येच थांबवून साखर राखायला. हवेपासून ते वाचवत नाही.

एलबीव्ही (लेट बॉटल्ड विंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली पोर्ट) पिंपात ४ ते ६ वर्षं असते, उघडल्यावर आठवडाभर तग धरते. लांब बूच ठोकलेली, न गाळलेली असेल तर तळाशी गाळ येतो: बाटली आदल्या दिवशी उभी ठेवा, सावकाश ओता, मानेत काळी रेघ दिसली की थांबा.

म्हणून बरेच दिवस माझा कौल १० वर्षांच्या टॉनी पोर्टला होता. पिंपात हवा खात मुरलेली, अक्रोड-कॅरॅमलची चव, फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे आरामात. फक्त लेबलवर बाटलीत भरल्याचं वर्ष बघून घ्या. टॉनी बाटलीत सुधारत नाही, नुसती पडून राहते.

मदीरा (पोर्तुगालच्या मदीरा बेटावरची, तशीच स्पिरिट घातलेली वाईन) नियमित वापरात आल्यावर मात्र हा कौल बदलला. ही वाईन मुद्दाम तापवतात: टाकीत ४५-५० अंशांवर किमान ३ महिने, नाहीतर उबदार माळ्यावर पिंपात किमान दोन वर्षं. उष्णता आणि हवा दोन्ही आधीच सोसलेली, त्यामुळे उघडी बाटली महिनोन्‌महिने तशीच लागते. तिच्यातले बुआल किंवा माल्मसी हे गोड प्रकार घ्या. गोडी भरपूर, पण आंबटपणा इतका धारदार की घोट संपल्यावर जीभ स्वच्छ होते. सर्सियाल हा प्रकार कोरडा, म्हणजे गोडी नसलेला; डेझर्टसोबत फिका पडतो.

पेद्रो हिमेनेथ ही स्पेनची गोड शेरीसुद्धा टिकते. पण उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची, लिटरला बहुधा ३०० ग्रॅमच्या वर साखर. ग्लासभर जात नाही. व्हॅनिला आइस्क्रीमवर दोन चमचे ओता, तिथे तिला तोड नाही.

मस्कात द बोम-द-व्हनीज ही फ्रान्सची गोड वाईन ताज्या फळांसोबत, गार, आणि आठवड्याच्या आत संपवा.

विंटेज हवीच असेल तर ३७५ मिलीची बाटली शोधा. चार-पाच जणांत एका बैठकीत संपते.