आफ्रिकेत मानवी हक्कांची केस टाकायची तर कुठे? बांजुल, अरुशा की अबुजा

मूट कोर्टची (म्हणजे सरावाच्या खोट्या खटल्यांच्या स्पर्धेची) तयारी करणारी किंवा तिकडच्या एनजीओत इंटर्नशिप शोधणारी लॉची मुलं हे हमखास विचारतात, की आफ्रिकेत सरकारनेच अन्याय केला तर देशाबाहेर दाद मागायची कुठे. युरोपात कसं, सरळ स्ट्रासबर्गचं युरोपियन मानवी हक्क कोर्ट. आफ्रिकेत तीन-चार दरवाजे आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. (अख्ख्या आशियासाठी असं एकही कोर्ट नाही, त्यामुळे आपण नाक मुरडण्यात काही अर्थ नाही.)

आधी बांजुल, म्हणजे गांबियातला आफ्रिकन मानवी हक्क आयोग. १९८१ चा आफ्रिकन चार्टर, म्हणजे मानवी हक्कांचा करार, १९८६ ला लागू झाला आणि १९८७ ला आयोग सुरू झाला. मोरोक्को सोडून आफ्रिकन युनियनचे सगळे देश चार्टरमध्ये आहेत, म्हणून हा दरवाजा सगळ्यात रुंद. कुणीही तक्रार करू शकतं, एनजीओसुद्धा. पण आधी आपल्या देशातली कोर्टं करून यावं लागतं, नुसत्या बातम्यांच्या कात्रणांवर केस चालत नाही आणि अर्जात सरकारला शिव्या घातल्या तर तेवढ्यावरूनही अर्ज उडू शकतो! खरी अडचण पुढे आहे, आयोग देतो त्या शिफारशी, आणि वेळ विचारूच नका. केनियातल्या लेक बोगोरियाजवळच्या एंडोरोईस लोकांची केस २००३ ला दाखल झाली, निकाल २०१० ला, तोही त्यांच्या बाजूने, आणि नंतर कित्येक वर्षं अंमलबजावणी रखडली ती रखडलीच.

ज्यांना बंधनकारक निकाल हवा त्यांच्यासाठी टांझानियातल्या अरुशाचं आफ्रिकन मानवी हक्क कोर्ट. कागदावर हे सगळ्यात भारी. पण सामान्य माणसाला थेट जायचं तर त्याच्या देशाने तसं वेगळं डिक्लेरेशन दिलेलं असावं लागतं आणि ते मोजक्याच देशांनी दिलंय. त्यातूनही रवांडा २०१६ ला बाहेर पडला, २०१९ ला टांझानिया, २०२० ला बेनिन आणि आयव्हरी कोस्ट. टांझानियाची तर कमालच आहे, कोर्ट त्यांच्याच गावात, सगळ्यात जास्त केसेस त्यांच्याच विरुद्ध, आणि दार लावलं तेही त्यांनीच.

तरी एक मागचा दरवाजा आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाची गोष्ट हीच. देशाने डिक्लेरेशन दिलं नसेल पण कोर्टाचा प्रोटोकॉल (ज्या कराराने हे कोर्ट उभं राहिलं तो) मान्य केला असेल तर आयोग स्वतः केस कोर्टात नेऊ शकतो. केनियाच्या माउ जंगलातल्या ओगिएक लोकांचं असंच झालं, तक्रार गेली बांजुलला, आयोगाने २०१२ ला ती अरुशाला पाठवली, २०१७ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ ला भरपाईचाही आदेश आला. केनियाने डिक्लेरेशन कधी दिलेलंच नव्हतं. म्हणजे एंडोरोईस आणि ओगिएक, दोघेही केनियाचे, दोघांचाही प्रश्न जमिनीचा, पण एकाच्या हातात शिफारस आणि दुसऱ्याच्या हातात कोर्टाचा निकाल. पैसे आणि जमीन हातात पडणं हा भाग वेगळा, तिथे दोघांचंही घोडं अडतंच.

पश्चिम आफ्रिकेतली केस असेल तर मी फार विचार न करता नायजेरियातलं अबुजाच म्हणेन. इकोवासच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाच्या कोर्टाला २००५ पासून मानवी हक्कांच्या केसेस घेता येतात, माणूस थेट जाऊ शकतो आणि आधी देशातली कोर्टं करून या अशी अटच नाही, हा एवढा मोठा फायदा बाकी कुठे फारसा मिळत नाही. नायजरची हादिजातू मानी, बाराव्या वर्षी गुलाम म्हणून विकली गेलेली, तिने याच कोर्टात सरकारला खेचलं आणि २००८ ला जिंकली, एक कोटी सीएफए फ्रँक (तिकडचं चलन) भरपाई. फक्त तीच केस दुसऱ्या आंतरराष्ट्रीय कोर्टात चालू असेल तर इथे घेत नाहीत, आणि जानेवारी २०२५ मध्ये नायजर, माली, बुर्किना फासो इकोवासमधूनच बाहेर पडलेत, म्हणजे हादिजातूच्या देशातल्या बाईला आता नवी केस घेऊन तिथे जाता येणं अवघड.

पूर्व आफ्रिकी देशांच्या गटाचं कोर्टही अरुशातच, म्हणून लोक दोन्हींची गल्लत करतात. इथेही देशातली कोर्टं आधी करायची गरज नाही, पण मानवी हक्कांचे स्पष्ट अधिकार या कोर्टाला दिलेलेच नाहीत, त्यामुळे 'सरकारने या गटाच्या करारातलं कायद्याच्या राज्याचं कलम मोडलं' अशी मांडणी करावी लागते. २००७ च्या कटाबाझी केसपासून ती युक्ती चालतेय. मात्र मुदत फक्त दोन महिने! युगांडा-टांझानिया तेलाच्या पाइपलाइनविरुद्धची केस २०२३ मध्ये उशिरा आली म्हणूनच फेटाळली गेली. म्हणजे इथे यायचं तर घटना घडल्याच्या आठवड्यातच वकील गाठायचा.

दक्षिणेकडे नामिबियातल्या विंडहुकला सादकचं (दक्षिण आफ्रिकी भागातल्या देशांच्या गटाचं) ट्रिब्युनल होतं, झिम्बाब्वेच्या शेतकऱ्याने २००८ ला मुगाबे सरकारविरुद्ध केस जिंकली आणि दोन वर्षांत राष्ट्रप्रमुखांनी ट्रिब्युनलच बंद पाडलं. त्यामुळे झिम्बाब्वेच्या माणसासाठी आज बांजुलच, आणि केस मुलांची असेल तर लेसोथोतल्या मासेरूची बालहक्क समिती.