बॅग फिल्टरवर धूळ सेन्सर: कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांनी कोणता घ्यावा?

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या बहुतेक फाउंड्र्यांत सँड प्लांट (साच्यांची वाळू तयार होते ती जागा), नॉकआउट (साचा फोडून ओतीव भाग काढतात ती जागा) आणि शॉट ब्लास्टिंगवर (लोखंडी छर्रे मारून भाग साफ करतात तिथे) बॅग फिल्टर, म्हणजे कापडी पिशव्यांतून हवा गाळणारे फिल्टर, बसलेले आहेत. आता प्रश्न त्यापुढचा आहे. फिल्टरनंतरच्या डक्टवर धूळ पकडणारा सेन्सर लावायचा, तर कोणता? कोटेशन मागवली की प्रत्येकावर ‘डस्ट मॉनिटर’ एवढंच लिहिलेलं असतं आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वस्तू सारखी असेल असं समजून लोक स्वस्तातलं उचलतात, नाहीतर महागडं ते चांगलंच असणार म्हणून तेच घेतात. दोन्हीत पैसे वाया जातात.

कोटेशन वाचण्याआधी एक गोष्ट ठरवा. पिशवी फाटली की लगेच कळायला हवं, एवढंच काम आहे? की चिमणीतून घनमीटरमागे किती मिलिग्रॅम धूळ जाते, तो आकडा हवा आहे? पहिलं काम साध्या सेन्सरने उत्तम होतं. दुसऱ्यासाठी सेन्सर, त्याचं कॅलिब्रेशन आणि ते टिकवणारा माणूस असं तिन्ही लागतं. पर्यावरण संरक्षण नियमांत इंडक्शन फर्नेससाठी धूलिकणांची मर्यादा १५० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर आहे. तुमच्या संमतीपत्रात (उद्योग चालवायच्या परवानगीत) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याहून कडक आकडा घातलेला असू शकतो, म्हणून कपाटातली ती फाइल काढून आधी वाचा. साखर, सिमेंट यांसारख्या अतिप्रदूषणकारी १७ प्रवर्गांतल्या उद्योगांना ऑनलाइन मोजणी करून आकडे मंडळाकडे पाठवावे लागतात. ज्या फाउंड्रीच्या संमतीपत्रात तशी अट नाही, तिची खरी गरज बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नातच भागते.

डिफरन्शियल प्रेशर गेज

हा बहुतेकांकडे असतोच. पिशव्यांच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक तो दाखवतो. पल्स जेट फिल्टरमध्ये, म्हणजे हवेचे झटके देऊन पिशव्या झाडणाऱ्या फिल्टरमध्ये, हा फरक साधारण १०० ते १५० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असला तर ठीक चाललंय असं धरतात. पिशव्या चोंदल्या, झटक्याची हवा सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडकला, कॉम्प्रेसरची हवा कमी पडली, हे सगळं या गेजवर कळतं. फाटलेली पिशवी मात्र कळत नाही. शंभर पिशव्यांतल्या एका पिशवीला रुपयाएवढं भोक पडलं तर काटा जागचा हलत नाही. गेज आहे म्हणून सेन्सर नको, हा हिशेब म्हणूनच चुकतो. उलट सेन्सर लावला तरी गेज काढू नका, दोघं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्याच्या नळ्या मात्र अधूनमधून फुंकून मोकळ्या करा. नळीत धूळ बसली की गेज महिनोन्‌महिने एकच आकडा दाखवत राहतो.

ट्रायबो आणि इलेक्ट्रोडायनॅमिक प्रोब

दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात. डक्टमध्ये आडवी घुसवलेली स्टीलची कांडी आणि बाहेर एक डबी. आत मात्र फरक आहे. जुन्या ट्रायबो पद्धतीत कण कांडीवर आपटतात, विद्युतभार सोडतात आणि तो सरळ प्रवाह मोजला जातो. इलेक्ट्रोडायनॅमिक पद्धतीत कण कांडीजवळून जातानाही जो बदलता संकेत उमटतो, तो मोजतात आणि स्थिर भाग गाळून टाकतात.

हा फरक फाउंड्रीत फार मोठा ठरतो. नॉकआउटवर गरम साच्यातल्या वाळूतून वाफ निघते. ती हुडमधून बेंटोनाइटसकट (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीसकट) फिल्टरकडे ओढली जाते. पावसाळ्यात बाहेरची हवाही दमट, त्यात सुट्टीनंतर सकाळी थंड डक्टमध्ये ब्लोअर सुरू झाला की आत पाणी धरतं. कांडी जिथे डक्टमध्ये शिरते तिथल्या इन्सुलेटरवर चिखलाचा थर बसतो आणि कांडीपासून डक्टच्या भिंतीपर्यंत विजेला वाट मिळते. सरळ प्रवाह मोजणारा प्रोब तिथेच फसतो. कधी शून्यावर बसतो, कधी विनाकारण भोंगा वाजवतो. बदलता संकेत मोजणारा, टेफ्लॉनचं आवरण असलेला प्रोब अशा थराला बऱ्यापैकी दाद देत नाही. शॉट ब्लास्टिंगची धूळ लोखंडाची, वीज वाहून नेणारी. तिथेही आवरण असलेला प्रोबच घ्या. किमतीतला फरक पहिल्या पावसाळ्यातच वसूल होतो.

दोन्ही पद्धतींना काही ठिकाणं वर्ज्य आहेत. डक्ट धातूचाच हवा आणि त्याला अर्थिंग हवं. एफआरपीच्या (फायबरच्या) डक्टमध्ये बाहेरचा विद्युत गोंगाट सरळ आत येतो. ईएसपीनंतर (विजेच्या भाराने धूळ पकडणाऱ्या यंत्रणेनंतर) हे प्रोब लावू नयेत, कारण कणांवर आधीच भार चढवलेला असतो. वेट स्क्रबरनंतरही (पाण्याने धूळ धुणाऱ्या यंत्रणेनंतरही) नाही, कारण तिथे थेंबही कणांसारखेच मोजले जातात. आणि ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) बसवून वीज वाचवणार असाल, तर हवेचा वेग बदलला की वाचनही बदलतं हे लक्षात ठेवा. इलेक्ट्रोडायनॅमिकमध्ये हा परिणाम कमी असतो, पण असतो.

या प्रोबचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा उपयोग माहितीपत्रकात ठळक छापलेला नसतो. पल्स जेट फिल्टरमध्ये टायमर एकेका ओळीला हवेचा झटका देतो. झटक्यानंतर पिशवीवरचा थर क्षणभर मोकळा होतो आणि थोडी धूळ निसटते. सेन्सरचा ट्रेंड स्क्रीनवर उघडलात तर आठ ओळींच्या फिल्टरमध्ये आठ छोटी टोकं ओळीने दिसतात. समजा त्यातलं सहावं टोक आठवडाभर इतरांहून उंच होत चाललंय. याचा अर्थ सहाव्या ओळीत पिशवी गेली, किंवा तिचा वरचा कॉलर ट्यूबशीटमध्ये (पिशव्या अडकवलेल्या भोकांच्या पत्र्यात) नीट बसलेला नाही. झाकण उघडून सहाव्या ओळीभोवती ट्यूबशीटवर धूळ साचलीय का पाहायची, पिशवी बदलायची आणि काम झालं. सगळ्या पिशव्या काढून उजेडात धरून बघण्यात अख्खी शिफ्ट जाते, ती वाचते. यासाठी सेन्सरची सरासरी काढण्याची वेळ एक-दोन सेकंद ठेवता आली पाहिजे. काही स्वस्त मॉडेलांत ती फक्त मिनिटांत ठेवता येते. त्यांत ही टोकं सपाट होऊन जातात. खरेदीपूर्वी हा एक प्रश्न नक्की विचारा.

प्रकाश विखुरणारा सेन्सर

यात प्रकाशाचा किंवा लेझरचा झोत डक्टमध्ये सोडतात आणि कणांवरून उधळलेला प्रकाश मोजतात. हवेचा वेग बदलला तरी फारसा फरक पडत नाही, कणांवरच्या भाराशी देणं-घेणं नाही. भट्टीवरचा धूर अतिबारीक, बहुतांशी एक मायक्रॉनच्या आतला. जस्ताचा मुलामा असलेला भंगार पत्रा भट्टीत पडला की निघणारा पांढरा धूर तर विशेष बारीक. असे कण या पद्धतीला चांगले दिसतात. मिलिग्रॅमचा आकडाच हवा असेल आणि चिमणीत धूळ कमी असेल, तर हीच पद्धत मी पुढे ठेवेन.

पण हा सेन्सर नाजूक आहे. काचेवर धूळ बसू नये म्हणून तिच्यासमोर स्वच्छ हवेचा पडदा चोवीस तास चालू लागतो. ती हवा कॉम्प्रेसरच्या लाइनमधून घेतली आणि त्यात तेल-पाणी आलं, तर काच स्वच्छ ठेवणारी हवाच ती मळवते. वेगळा छोटा ब्लोअर आणि त्याचा फिल्टर लावा, आणि तो फिल्टर वेळेवर बदला. प्लांट बंद असतानाही हा ब्लोअर बंद करू नका. सुट्टीच्या दिवशी ‘वीज वाचवायला’ मेन स्विच पाडणारे पुष्कळ जण असतात. त्यासाठी वेगळी लाइन काढून स्विचवर पाटी लावा.

ऑपॅसिटी मीटर

चिमणीच्या एका बाजूने प्रकाश सोडून तो किती अडला हे मोजणारी ही पद्धत मोठ्या, काही मीटर रुंद चिमण्यांसाठी आहे. फाउंड्रीच्या अर्ध्या मीटरच्या डक्टमध्ये, बॅग फिल्टरनंतरच्या धुळीने प्रकाश अडतोच इतका कमी की वाचनाला अर्थ उरत नाही. घेऊ नका.

साखर कारखान्यांचं वेगळं

बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) बॉयलरमागे वेट स्क्रबर असेल, तर प्रोबही नको आणि चिमणीतच बसणारा ऑप्टिकल सेन्सरही नको. तिथे वायू बाहेर ओढून, तापवून, थेंब सुकवून मग मोजणारी यंत्रणा लागते. ती महाग आहे आणि तिची देखभालही जड आहे. ईएसपी असेल तर ऑप्टिकल चालेल. साखर उद्योगासाठी धूलिकणांची मर्यादा २०१६ च्या अधिसूचनेनुसार १५० मिलिग्रॅम आहे आणि ऑनलाइन मोजणी बंधनकारक आहे, त्यामुळे इथे ‘फक्त गळती कळली तरी पुरे’ हा पर्यायच नाही. गळीत हंगाम संपल्यावर सेन्सर तसाच चिमणीवर सोडू नका. काढून, पुसून स्टोअरमध्ये ठेवा.

बसवताना

चांगला सेन्सर चुकीच्या जागी लागला तर तो वाईटच. बेंड, डँपर किंवा ब्लोअरच्या तोंडाशी हवा घुसळलेली असते. सरळ डक्टचा तुकडा शोधा. स्टॅक सँपलिंगच्या पोर्टसाठी अडथळ्यानंतर आठ व्यास आणि पुढच्या अडथळ्याआधी दोन व्यास सरळ लांबी ही रीत आहे. सेन्सरलाही त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं बरं. प्रोब डक्टच्या निम्म्याहून जास्त रुंदीपर्यंत पोचला पाहिजे. सेन्सर सँपलिंग पोर्टच्या जवळ ठेवा, पण त्याच्या वाटेत येऊ देऊ नका, म्हणजे पुढे दोन्हींची तुलना करता येईल.

सॉकेट वेल्डिंग करताना ब्लोअर आणि डँपर बंद. पॉलिएस्टरच्या पिशवीवर एक ठिणगी पडली तरी भोक पडतं, आणि सेन्सरने दाखवलेली पहिली गळती तीच असते.

केबल शील्डेड घ्या. इंडक्शन फर्नेसच्या आणि व्हीएफडीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका. फाउंड्रीत सेन्सरच्या ‘भुताटकी’च्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथे असतं. केबल ग्लँडचं तोंड खाली ठेवा. एप्रिल-मेच्या वळवात विजा कडाडतात, म्हणून चिमणीवरच्या सेन्सरला सर्ज प्रोटेक्शन द्या. आणि जिना व प्लॅटफॉर्म नीट करा. जिथे चढायला भीती वाटते तिथला सेन्सर कोणी पुसत नाही, आणि त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

देखभाल

इलेक्ट्रोडायनॅमिक प्रोबला महिन्यातून एकदा, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, बाहेर काढून पुसणं पुरतं. इन्सुलेटरचा खोबणीचा भाग ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडा करा. मग ब्लोअर बंद ठेवून वाचन बघा. ते शून्याजवळ नसेल तर थर राहिलाय किंवा केबलमध्ये गोंगाट आहे. त्यानंतर ब्लोअर चालू करून फिल्टरनंतरच्या पोर्टमधून चिमूटभर कोरडी धूळ सोडा. भोंगा वाजला पाहिजे. हे काम फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोघांना शिकवा आणि रजिस्टरमध्ये सही ठेवा. प्रकाश विखुरणाऱ्या सेन्सरला काच पुसणं, पर्ज फिल्टर (काचेपुढच्या हवेचा) बदलणं आणि शून्य-स्पॅन (शून्याचं आणि वरच्या टोकाचं वाचन) तपासणं आलं. ते नेमून दिलेल्या माणसाकडे नसेल, तर तो सेन्सर घेऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिलिग्रॅमचा आकडा कोणत्याही सेन्सरला उपजत कळत नाही. आयएस ११२५५ भाग १ प्रमाणे थिंबलमध्ये (गाळणीच्या छोट्या नळकांड्यात) धूळ गोळा करून, वजन करून, त्याच वेळचं सेन्सरचं वाचन जुळवावं लागतं. तेही वेगवेगळ्या लोडवर. धुळीचा प्रकार बदलला, उदाहरणार्थ त्याच फिल्टरला फेटलिंगचा (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामाचा) डक्ट जोडला, की जुनं कॅलिब्रेशन गेलं.

सेन्सरमुळे मंडळाचा कागद भागतो हे खरंच, पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती वाळूच्या बारीक धुळीतल्या सिलिकाची. गळकी पिशवी महिनाभर तशीच राहिली, तर ती धूळ शेडवर, शेजारच्या युनिटवर आणि काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत जाते, आणि सिलिकोसिस बरा होत नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या निकषांपेक्षा जास्त प्रदूषित शहरांच्या यादीत कोल्हापूर आहे.

मग कोणता?

दोन-तीन फिल्टरची लहान फाउंड्री, संमतीपत्रात ऑनलाइन मोजणीची अट नाही: प्रत्येक फिल्टरवर आवरणाचा इलेक्ट्रोडायनॅमिक प्रोब, दोन पातळ्यांचा अलार्म, आणि जुना गेज चालू ठेवा. एकाच फिल्टरवर महागडा ऑप्टिकल लावून बाकीचे आंधळे सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मोठी फाउंड्री, निर्यातीचं गिऱ्हाईक आकडे मागतं: भट्टीच्या चिमणीवर प्रकाश विखुरणारा, बाकी सगळीकडे प्रोब.

ऑर्डर देताना सुटे भाग कोल्हापूर किंवा सांगलीत मिळतात का, की पुण्याहून येतात, ते लिहून घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता. एक जादा इन्सुलेटर आणि एक इलेक्ट्रॉनिक कार्ड स्टोअरमध्ये असू द्या. आणि नव्या पिशव्या घातल्यावर लगेच अलार्मची पातळी ठरवू नका. थर बसेपर्यंत नवी पिशवी थोडी धूळ सोडतेच. काही दिवस चालू द्या, वाचन स्थिर झालं की मग सेटिंग करा.