बिंगोची साइट ओळखपत्र कधी मागते? काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

या लिखाणात साइटचं नाव नाही आणि लिंकही नाही. मी वापरते ती साइट फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. सोलापुरात आल्यावर मी ती उघडून पाहिली, तर "तुमच्या देशात ही सेवा उपलब्ध नाही" एवढंच आलं. ते योग्यच आहे.

मी मूळची जुळे सोलापूरची, सध्या लेस्टरला नर्स आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिथल्या एका परवानाधारक साइटवर ऑनलाइन बिंगो खेळते, बहुतेक वेळा रात्रपाळी झाल्यावर दुपारी झोप लागत नाही तेव्हा. जानेवारीत गड्ड्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेसाठी, घरी आले. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जिथं जाईल तिथं हाउझी होतीच, आणि हाउझी संपली की कुणीतरी मोबाइल पुढे करायचंच. "हे बघ गं, ह्याच्यात खेळलं की खरे पैसे मिळतात म्हणे. तू तिकडं खेळतेस, तुला कळंल." जाहिरात मराठीत, वरून नोटांचा पाऊस, आणि कंपनीचा पत्ता कुठंच नाही. मावशीला, काकूंना जे तोंडी सांगितलं तेच इथं सविस्तर लिहिते आहे.

खेळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण बिंगो म्हणजे आपली हाउझीच, ती आपल्याला येतेच. ९० आकडे, तीन ओळी, ओळीत पाच, तिकिटावर पंधरा आकडे. बक्षिसं तीन: एक ओळ, दोन ओळी, फुल हाऊस. आपले अर्ली फाइव्ह आणि चार कोपरे माझ्या साइटवर नाहीत. ७५ आकड्यांचा अमेरिकी प्रकारही आहे, पाच बाय पाचचं चौकोनी तिकीट आणि ठरलेली नक्षी पूर्ण करायची, पण माझं मन त्यात रमलं नाही. आकडे आपोआप खोडले जातात, ओरडावं लागत नाही. नेट गेलं तरी तिकीट चालूच राहतं आणि लागलेलं बक्षीस खात्यात जमा होतं, असं नियमांच्या पानावर लिहिलेलं आहे. एकदा बसमध्ये रेंज गेली आणि उतरल्यावर पाहिलं तर एक ओळ लागून पैसे जमा झालेले होते. लिहिलंय तसं घडतं, एवढा विश्वास त्यातून बसला.

आता ओळख तपासणी. यावर लोक सगळ्यात जास्त वैतागतात आणि माझ्या मते साइट पारखण्याची खरी जागा हीच आहे.

ब्रिटनमध्ये ७ मे २०१९ पासून नियम असा आहे की नाव, पत्ता आणि जन्मतारीख पडताळल्याशिवाय कुणालाही खेळू द्यायचं नाही. फुकटचा सराव खेळसुद्धा वयाची खात्री झाल्याशिवाय उघडत नाही. त्याआधी वय तपासायला साइटला ७२ तासांची मुभा होती. तेवढ्यात माणूस पैसे भरून खेळून मोकळा व्हायचा. शिवाय जिंकलेले पैसे काढायला गेलं की मग कागदपत्रांची मागणी सुरू व्हायची, अशा तक्रारी खूप होत्या. म्हणून तिथल्या जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने तपासणी दाराशी आणून ठेवली. जी माहिती आधीच मागता आली असती, ती पैसे काढताना अट म्हणून पुढे करायची नाही, असंही बजावलं.

माझी तपासणी पहिल्या झटक्यात झाली नाही. साइट आधी कागद मागतच नाही. मतदार यादी आणि पतमापन कंपन्यांच्या नोंदींशी तुमची माहिती आपोआप जुळवून पाहते. तिथं दोन गोष्टी अडल्या. आपल्या पासपोर्टवर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आहे, तिथल्या बँकेत मात्र फक्त माझं नाव आणि आडनाव. संगणकाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या. दुसरं म्हणजे मी चौघींबरोबर भाड्याच्या घरात राहते, कौन्सिल टॅक्सचं (तिथल्या घरपट्टीचं) बिल घरमालकाच्या नावावर येतं. मोबाइलचं बिल दिलं, ते चाललं नाही. शेवटी पासपोर्टचा फोटो आणि बँकेचं अलीकडचं स्टेटमेंट दिल्यावर दुसऱ्या दिवशी खातं सुरू झालं. तोपर्यंत माझा एक पैसाही तिथं अडकलेला नव्हता, म्हणून त्रास झाला तरी धास्ती नव्हती.

तिकडे नव्याने गेलेल्या आपल्या मुलामुलींसाठी सांगते: खात्यात नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं लिहा, मधल्या नावासकट. आणि भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले असल्यामुळे तिथं वैध वास्तव्य असेल तर मतदार यादीत नाव घालता येतं. त्याने पत्त्याची पडताळणी खूप सोपी होते, बिंगोसाठीच काय, बँकेच्या कामांसाठीही.

मर्यादांचा भाग मला सगळ्यात आवडला. खातं उघडतानाच किती पैसे भरायचे ते ठरवायला सांगतात: दिवसाला, आठवड्याला की महिन्याला. मी आठवड्याला १० पौंड ठेवले, म्हणजे सुमारे बाराशे रुपये. मर्यादा कमी करायची असेल तर लगेच होते. वाढवायची असेल तर किमान २४ तास थांबावं लागतं आणि त्यानंतर पुन्हा होकार द्यावा लागतो. दिवाळीत सुट्टी मिळाली नव्हती, घरचे सगळे व्हिडिओ कॉलवर फराळ करत होते आणि मी एकटी खोलीत. त्या रात्री मी मर्यादा वाढवायची विनंती टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साइटने विचारलं, अजून वाढवायची आहे का? तोवर मन ताळ्यावर आलेलं होतं, मी नाही म्हटलं. हा एक दिवसाचा अडसर ज्याने कुणी नियमात घातला त्याला माणसाचं मन कळतं.

याशिवाय ठरावीक वेळाने पडद्यावर पाटी येते: तुम्ही इतका वेळ खेळताय, इतके गेले, इतके आले. ती बंद न करता ठेवावी. क्रेडिट कार्ड तर १४ एप्रिल २०२० पासून जुगाराला चालतच नाही, डेबिट चालतं. उधारीवर खेळणं तिथंच थांबतं. आणि ३० दिवसांत निव्वळ (भरलेले वजा काढलेले) १५० पौंडांहून जास्त पैसे भरले तर साइटला तुमची सार्वजनिक आर्थिक नोंद पाहावी लागते, दिवाळखोरी किंवा कोर्टाचा थकबाकीचा निकाल वगैरे. फेब्रुवारी २०२५ आधी ही रेषा ५०० पौंडांवर होती. माझ्याकडे पगाराची स्लिप कधीच मागितली नाही.

आमच्या वॉर्डातल्या एका सहकारणीला खेळ आवरेना. तिने गॅमस्टॉपवर, म्हणजे स्वतःलाच जुगारबंदी घालून घ्यायच्या योजनेत, नाव नोंदवलं. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं यांतलं काहीतरी निवडायचं. एकदा नोंदवलं की ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन साइटींची दारं एकदम बंद होतात आणि मुदत संपेपर्यंत तुम्ही गयावया केली तरी उघडत नाहीत. मार्च २०२० पासून प्रत्येक ऑनलाइन परवानाधारकाला यात सामील व्हावंच लागतं. हे जमतं ते ओळख तपासणीमुळेच. खरं नाव आणि खरी जन्मतारीख हाताशी नसेल तर कुणाला बाहेर ठेवायचं हे साइटला कळणार कसं? माणसं कागद मागण्याला छळ म्हणतात, पण त्या कागदानेच माझी मैत्रीण वाचली.

बोनसबद्दल थोडक्यात. पूर्वी बोनस १० पौंडांचा आणि अट ४० पट असली की ४०० पौंडांची तिकिटं घेतल्याशिवाय तो पैसा तुमचा होत नसे. १९ जानेवारी २०२६ पासून ही अट जास्तीत जास्त १० पट, असा नियम तिथं लागू झाला. बिंगो खेळा आणि स्लॉटचे (बटण दाबून चित्रं फिरवायच्या जुगाराचे) फुकट स्पिन मिळवा, अशा मिसळ ऑफरही बंद झाल्या. मी पहिल्यापासून बोनस नको हाच पर्याय निवडते. स्वतःचे पैसे, स्वतःचं तिकीट, हिशेब सरळ.

पैसे काढताना अडचण आली नाही. ज्या कार्डवरून भरले त्याच कार्डवर परत येतात. जिंकलेल्या रकमेवर तिथं खेळणाऱ्याला कर नाही. पण भरलेले आणि काढलेले यांची वजाबाकी साइट स्वतःच दाखवते, आणि माझा आकडा उणे आहे. तो उणेच असणार, कारण तिकिटांच्या पैशातून साइट आपला वाटा काढूनच बक्षिसं लावते. महिनाभर सिनेमाला गेले असते तर साधारण तेवढेच गेले असते.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. बिंगोच्या शेजारीच स्लॉटची दालनं लखलखत असतात आणि दोन डावांच्या मधल्या वेळात बोट तिकडे जावं अशीच मांडणी आहे. एप्रिल २०२५ पासून ऑनलाइन स्लॉटला एका फिरकीला ५ पौंडांची कमाल मर्यादा आली, १८ ते २४ वयोगटाला मे महिन्यापासून २ पौंडांची. तरी बिंगोच्या मानाने पैसा तिथं फार झरझर जातो. मला स्लॉट पूर्ण लपवायचे होते, तशी सोय मिळाली नाही. मदतकेंद्राला विचारलं तर तेच ते साचेबंद उत्तर. आणि ग्राहकांच्या पैशाला किती संरक्षण आहे हे सांगणं बंधनकारक असलं तरी ती ओळ अटींच्या पानात खूप खाली आहे. माझ्या साइटचं संरक्षण मधल्या दर्जाचं, म्हणजे कंपनी बुडाली तर सगळे पैसे परत मिळतीलच असं नाही. म्हणून खात्यात मी शिल्लक ठेवत नाही. तक्रार आठ आठवड्यांत मिटली नाही तर बाहेरच्या तटस्थ संस्थेकडे फुकट जाता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही.

आता आपल्या इथलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, कौशल्याचा असो वा नशिबाचा, पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. याचा सरळ अर्थ असा की पैशांचा ऑनलाइन बिंगो भारतात कुणीही कायदेशीरपणे देऊ शकत नाही. मग तुमच्या फोनवर जो दिसतो त्याच्यामागे तक्रार ऐकणारा कुणीही नाही.

हे मी हवेत बोलत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी अशाच एका साइटवर पैसे भरले. नाव, वय, काही विचारलं नाही, फक्त मोबाइल नंबर. "किती सोप्पंय, बघा," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मी त्यांच्या फोनमधले व्यवहार पाहिले तर दर वेळी पैसे वेगळ्याच माणसाच्या नावाच्या यूपीआयवर गेलेले. कंपनीचं नाव एकाही पावतीवर नाही. मग त्यांना मोठं बक्षीस लागल्याचं दिसलं आणि पैसे काढायचं बटण दाबताच मागणी सुरू झाली: पॅन, आधारच्या दोन्ही बाजू, आधार हातात धरून सेल्फी. सगळं दिल्यावर "प्रक्रिया शुल्क" भरा म्हणून मेसेज. पैसे घेताना दार सताड उघडं आणि देताना कुलपावर कुलूप.

आम्ही दोघींनी बसून जे करता येईल ते केलं. शुल्क भरलं नाही. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर व्यवहारांचे आणि मेसेजचे स्क्रीनशॉट टाकले. बँकेत जाऊन कळवलं. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि पॅनवर कुणी कर्ज उचललंय का ते पाहायला क्रेडिट रिपोर्ट काढला, तो सध्या स्वच्छ आहे. पुढचे काही महिने तो अधूनमधून पाहायला सांगितलंय. भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत. साइटचे मेसेज मात्र रोज येतात, आणि शुल्काची रक्कम दर वेळी आधीपेक्षा कमी असते.