ग्रंथपालांचे तास कुठे खर्चायचे: ओळख-सत्र, असाइनमेंट की वेगळा कोर्स?

ग्रंथपाल एक, विद्यार्थी हजार-बाराशे. माहिती साक्षरता, म्हणजे हवी ती माहिती शोधणं, पारखणं आणि नीट वापरणं, शिकवायची असं कॉलेजनं ठरवलं की वाटा तीन: वर्षारंभीचं ओळख-सत्र, एखाद्या विषयाच्या असाइनमेंटमध्येच हे शिक्षण गुंफणं, किंवा स्वतंत्र श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कोर्स.

ओळख-सत्र सगळ्यांत स्वस्त. दीड तासात अख्खी तुकडी उरकते, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायलीला फोटो मिळतात. पण त्या दिवशी कुणालाच काही शोधायचं नसतं. ओपॅक (ग्रंथालयाची ऑनलाइन सूची), एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं), शोधगंगा (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) ही नावं कानावरून जातात आणि प्रकल्प हाती येईपर्यंत विसरलेली असतात. कार्ड, वेळा, लॉगिन एवढ्यापुरतं ते ठेवावं. अर्धा तास पुरतो.

असाइनमेंटची वाट महाग, पण फळ तिथेच आहे. सत्राआधी प्राध्यापक आणि ग्रंथपालांनी तासभर बसून प्रश्न एकत्र लिहायचा. ‘मराठवाड्यातील दुष्काळावर टिपण लिहा’ म्हटलं की विकिपीडिया उतरवला जातो. त्याऐवजी: ‘2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. त्याची कारणं सांगणारा एक सरकारी अहवाल, एक संशोधन लेख आणि एक बातमी शोधा. तिघांचं कुठे जुळत नाही ते लिहा.’ हे उतरवून काढायला सहज सापडत नाही.

मग दोन तासिका. पहिली विषय हाती पडल्यावर लगेच: दुष्काळ, पाणीटंचाई, त्यांचे इंग्रजी प्रतिशब्द, अवतरणचिन्हांत नेमका शब्दसमूह शोधणं. शोधगंगेवर मराठी प्रबंधांची शीर्षकं देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्ही प्रकारे शोधून पाहावीत. दुसरी तासिका सबमिशनच्या आठवडाभर आधी, फक्त संदर्भ तपासायला: डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडतो का, उघडल्यावर तोच लेख दिसतो का. एआयनं रचलेले संदर्भ इथे पकडले जातात. साम्य तपासणारं सॉफ्टवेअर उसनं वाक्य दाखवतं, खोटा संदर्भ नाही. सोबत पानभर शोधनोंद घ्यावी: वापरलेले शब्द, कुठे शोधलं, किती निकाल आले, नाकारलेला एक स्रोत आणि त्याचं कारण. 20 पैकी 5 गुण तिला द्यावेत. गुण नसले तर नोंद आदल्या रात्री बनवली जाते.

ही पद्धत फसते ती ठरावीक जागी. एन-लिस्टचे लॉगिन आधी काढलेले नसतात आणि अर्धी तासिका पासवर्डात जाते. त्याहून घातक म्हणजे प्राध्यापक वर्ग ग्रंथपालांवर सोपवून निघून जातात. मुलं तो ऑफ तासच समजतात. तपासणीचा हिशोबही करून ठेवावा: 60 नोंदी, प्रत्येकी 5 मिनिटं, म्हणजे एका वर्गाचे 5 तास. सहा वर्ग घेतले तर 30 तास एकट्या ग्रंथपालांच्या माथी. म्हणून पहिल्या दहा दोघांनी मिळून तपासून निकष ठरवावेत, उरलेल्या प्राध्यापकांनी तपासाव्यात. आणि हे सगळं अध्यापन आराखड्यात लिहून ठेवावं, नाहीतर प्राध्यापक बदलले की उपक्रमही संपतो.

स्वतंत्र कोर्स कागदावर सर्वांत भक्कम. एका श्रेयांकाला 15 तास थिअरी धरली तर दोन श्रेयांकांचे 30. संलग्न कॉलेजला तो एकट्यानं सुरू करता येत नाही, अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेची मंजुरी लागते. स्वायत्त कॉलेजला सोपं जातं. अडचण मंजुरीनंतर सुरू होते. विषयापासून तुटलेलं कौशल्य परीक्षेत ‘व्याख्या लिहा’वर येऊन थांबतं. पीएचडीसाठी मात्र नवं काही उभारू नये. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा 2 श्रेयांकांचा, 30 तासांचा कोर्स यूजीसीनं 2019 मध्ये कोर्सवर्कमध्ये सक्तीचा केला आहे. त्यातला डेटाबेस आणि संशोधन-मापनाचा (लेखांना मिळालेली उद्धरणं वगैरे मोजण्याचा) घटक ग्रंथपालांकडे द्यावा.

पदवीला, उपक्रमाच्या पहिल्या वर्षी, असाइनमेंटच्या वाटेनं दोनच वर्ग घ्यावेत: शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आणि दुसऱ्या वर्षाचा एक विषय. तिसरा वर्ग, एखाद्या प्राध्यापकांनी आपणहून मागितला तरच.