‘तुमचा कॉम्प्युटरच जुना आहे’ म्हणत गळ्यात मारली जाणारी बनावट हार्ड डिस्क

खानापूर तालुक्यातल्या एका फोटो स्टुडिओने लग्नसराईच्या तोंडावर २ टीबीची एक्सटर्नल डिस्क मागवली. मोबाइलवर फिरणारी जाहिरात, किंमत दीड हजाराच्या आत, पैसे माल हातात आल्यावर. स्टुडिओतलं मशीन कोअर टू ड्युओ, विंडोज ७, सगळे पोर्ट यूएसबी २.० चे. डिस्क लावली, १.८१ टीबी दिसली. पहिल्या लग्नाचे फोटो चढले, उघडलेही. मग पुढची लग्नं, मुंजी, वास्तुशांती एकामागून एक तिच्यात गेली आणि जागा व्हावी म्हणून मशीनमधले मूळ फोटो काढून टाकले गेले. अल्बम करायला घेतला तेव्हा फोल्डर जागेवर होते, फाइलींची नावं होती, आकारही बरोबर दिसत होते. फोटो मात्र अर्धे करडे, व्हिडिओ सुरूच होईनात. विक्रेत्याला फोन केल्यावर उत्तर आलं, “अण्णा, तुमचा कॉम्प्युटरच जुना की हो! नव्या मशीनला लावून बघा.”

सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी आहे. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात स्टुडिओ, डीटीपी सेंटर, पतसंस्था आणि शाळांमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मशीन अजून रोज कामाला आहेत. त्यांचा संथपणा अंगवळणी पडलेला असतो. म्हणून डिस्क रांगू लागली, मध्येच गायब झाली किंवा एरर आली, तरी गिऱ्हाईक दोष आपल्याच मशीनला देतं. तोवर माल परत करायची मुदत निघून जाते.

अशी डिस्क कुणी उघडली तर आत हे निघतं. प्लॅस्टिकच्या कवचात बोटभर लांबीची सर्किट पट्टी, तिच्यावर कार्ड रीडरची चिप आणि खोबणीत मोबाइलमधलं मायक्रो एसडी कार्ड, ते निसटू नये म्हणून वरून गरम गोंदाचा थेंब. वजन भरावं म्हणून कडेला एक-दोन लोखंडी नट चिकटवलेले. कार्ड असतं ३२ किंवा ६४ जीबीचं. चिपमधला फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, बदलून कॉम्प्युटरला २ टीबी असल्याचं सांगितलेलं असतं आणि कॉम्प्युटर ते खरं मानतो, कारण डिस्क स्वतःची जी क्षमता सांगते तिच्यावरच तो चालतो. फाइलींची नावं आणि यादी डिस्कच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते, म्हणून ती शाबूत राहते. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा एकतर कुठेच लिहिला जात नाही, किंवा फिरून पहिल्या डेटावर लिहिला जातो. ‘कॉपी पूर्ण झाली’ हा संदेश दोन्ही वेळा येतो.

१६ टीबी, ३० टीबी असा आकडा असला की बहुतेकांना शंका येते. खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क २०२४ मध्ये कुठे ६ टीबीपर्यंत पोचली. खरा धोका १ आणि २ टीबीच्या बनावट मालाचा, कारण तो आकडा पटतो.

जुन्या मशीनचा दोष नेमका कुठपर्यंत, हे माहीत असलं की विक्रेत्याची सबब चालत नाही. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते ही फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. विंडोज एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला जीपीटी ही डिस्कची जागा वाटण्याची नवी पद्धत वाचता येत नाही आणि एमबीआर या जुन्या पद्धतीत ५१२ बाइटचे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, असतील तर २.२ टीबीची मर्यादा आहे, म्हणून ४ टीबीची अस्सल डिस्कही तिथे अडू शकते. विंडोज ७ ला डेटा डिस्कसाठी ही अडचण नाही. ४ जीबीपेक्षा मोठी व्हिडिओ फाइल जात नसेल तर डिस्क फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, ती एनटीएफएस या फॉरमॅटमध्ये करा. एक्सफॅट हा तिसरा फॉरमॅट एक्सपीवर चालवायचा तर वेगळं अपडेट लागतं.

विजेचा प्रश्न खरा आहे. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, ३.० पोर्ट ९००. फिरणारी अडीच इंची डिस्क सुरू होताना याहून जास्त ओढू शकते. मग टिक-टिक आवाज येतो आणि डिस्क दिसते-जाते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब, बारीक वायर गेलेली असते, तिथे हा त्रास जास्त. मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला आखूड केबलने जोडा. तरीही अडलं तर दोन यूएसबी टोकांची वाय केबल किंवा स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या.

वेगाचंही गणित आहे. यूएसबी २.० वर प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ३५ एमबी मिळतात, म्हणजे १०० जीबीला साधारण पाऊण ते एक तास. मोठी व्हिडिओ फाइल चढवताना वेग पाच-सहा एमबीवर येऊन तिथेच चिकटला, तर पोर्टला दोष देऊ नका, डिस्कवर संशय घ्या. आणि कॉपी झालेली फाइल करडी पडणं हे पोर्ट जुना असल्यामुळे होत नाही. असं झालं की डिस्क, केबल किंवा मशीनची रॅम यांपैकी काहीतरी खराब आहे. तीच फाइल त्याच केबलने दुसऱ्या चांगल्या डिस्कवर नीट गेली तर निकाल लागला.

डिस्क घरी आणली की तिच्यावर काहीही ठेवण्याआधी एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो इन्स्टॉल करावा लागत नाही आणि जुन्या विंडोजवरही चालतो. पूर्ण रिकामी जागा निवडून लिहिणे आणि तपासणे असं दोन्ही करायला सांगा. तो एकेक जीबीच्या फाइली भरत जातो आणि मग त्या परत वाचून पडताळतो. यूएसबी २.० वर १ टीबी लिहायला आठ-नऊ तास आणि वाचायला तेवढेच, म्हणून निळा, म्हणजे यूएसबी ३.० चा, पोर्ट असलेलं एखाद्याचं मशीन मिळालं तर तिथे करा. स्लीप मोड बंद ठेवा आणि मशीन यूपीएसवर असू द्या, मध्येच लाइट गेली तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. डिस्क बनावट असेल तर लाल अक्षरांत किती डेटा नीट आहे आणि किती गेला ते येतं. ६४ जीबीच्या कार्डावर हा आकडा ५८-५९ जीबीच्या आसपास थांबतो. त्या खिडकीचा फोटो काढा, चाचणीच्या फाइली पुसू नका, तो तुमचा पुरावा आहे. लिनक्सवर हेच काम एफ३ हा प्रोग्रॅम करतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘व्हेंडरको प्रॉडक्टकोड’ असं काही दिसलं तर चाचणीची वाट न पाहता माल परत करा.

दुसरा प्रकार जुनी डिस्क नवी म्हणून विकण्याचा. इथे क्षमता खरी असते, आयुष्य संपलेलं असतं. लॅपटॉपमधून काढलेली डिस्क शे-दोनशेच्या केसमध्ये बसवून नवं स्टिकर लावलं की झालं. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये ती किती तास चालली तो आकडा बघा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींचा मूळ आकडा शून्य नसेल तर तिच्यावर बॅकअप ठेवू नका. तास शून्य दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नका, ही नोंद पुसता येते. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते आणि स्मार्टसीटीएल या तपासणीच्या प्रोग्रॅमच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते, त्यावरून ते पकडलं गेलं. साध्या गिऱ्हाइकाने निदान सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी उरली आहे का एवढं तरी पाहावं.

डेटा आधीच चढवून बसला असाल तर त्या डिस्कवर लिहिणं तिथल्या तिथे थांबवा. फॉरमॅट नको, चेकडिस्क ही विंडोजची दुरुस्तीही नको. जे उघडतं ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. मूळ फाइली ज्या मशीनमधून पुसल्या तेही बंद करा. त्यात फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि नंतर फारसं काही लिहिलं नसेल, तर फोटो तिथूनच परत मिळण्याची आशा असते. बनावट डिस्ककडून तशी आशा धरू नका. जे लिहिलंच गेलं नाही ते कोणत्याही लॅबला काढता येत नाही. ‘दहा हजार आगाऊ द्या, सगळं काढून देतो’ म्हणणारा त्याच माणसाला दुसऱ्यांदा लुबाडतो आहे, आणि लग्नाचे फोटो हरवलेला स्टुडिओवाला त्या वेळी काहीही द्यायला तयार असतो.

तक्रारीसाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे देऊन माल आलाच नसेल किंवा साइटच बोगस असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. सीमाभागातल्या लोकांना वाटतं की वस्तू कोल्हापुरातून किंवा गोव्यातून घेतली, आता खेटे तिकडे घालावे लागणार. तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, म्हणजे निपाणीच्या माणसाला बेळगाव. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. स्टुडिओ हा धंदा आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असं समोरचा म्हणेल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवायला घेतलेली वस्तू त्या कायद्यात व्यापारी हेतूची धरत नाहीत. अर्जाला बिल, कुरिअरचं लेबल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि चाचणीच्या खिडकीचा फोटो जोडा. डिस्क स्वतः फोडू नका, ती बंद अवस्थेतच पुरावा म्हणून जवळ ठेवा.