आधी 'इल्मॅटिक' ऐकावा की 'रेडी टू डाय'?

जुनं हिपहॉप ऐकायला घ्यायचं ठरवलं की हे दोन अल्बम हमखास सुचवले जातात. नाझचा 'इल्मॅटिक' १९ एप्रिल १९९४चा, तर नोटोरिअस बी.आय.जी.चा, म्हणजे बिगीचा, 'रेडी टू डाय' त्याच वर्षीच्या १३ सप्टेंबरचा. दोघेही न्यूयॉर्कचे, दोघांचाही हा पहिलाच अल्बम. नाझ तेव्हा २० वर्षांचा होता, बिगी २२चा.

इंग्रजी रॅप कानाला नवीन असेल तर बिगीपासून सुरुवात करा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचे शब्द कळतात. भारदस्त आवाज, घाई नाही आणि गोष्ट रंगवण्याची विलक्षण हातोटी. 'वॉर्निंग' ऐकून बघा. पहाटे पावणेसहाच्या सुमारास पेजर वाजतो आणि मित्र फोनवर सांगतो की पैशांच्या लोभाने काही जण तुझ्या जिवावर उठलेत. फोनवरचे दोन्ही आवाज बिगीचेच आहेत. तरी आत्ता कोण बोलतंय याचा एकदाही गोंधळ होत नाही.

'जूसी'मध्ये एमटूमे बँडच्या गाण्याची गोड, रेडिओवर सहज वाजणारी चाल आहे आणि तिच्यावर गरिबीतून वर आल्याचा निखळ आनंद. रस्त्यावरचं जगणं आणि आर अँड बी या सुरेल, गायनप्रधान संगीताचा गोडवा यांची ही सांगड पुढे कितीतरी रॅपरनी उचलली. पण जन्माच्या आवाजांनी सुरू होणारा हा अल्बम आत्महत्येच्या विचारांवर संपतो, हे विसरू नका. शिव्या आणि उघड लैंगिक प्रसंग भरपूर आहेत, त्यामुळे घरात स्पीकरवर लावू नका. शिवाय २००६मध्ये एका सॅम्पलवरून, म्हणजे दुसऱ्याच्या गाण्यातून घेतलेल्या तुकड्यावरून, कोर्टात निकाल विरोधात गेला, म्हणून नंतरच्या आवृत्त्या मूळ अल्बमपेक्षा थोड्या वेगळ्या आहेत.

'इल्मॅटिक' जेमतेम ४० मिनिटांचा, पण पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या प्रचंड सरकारी वसाहतीतलं आयुष्य नाझ खिडकीतून बघावं तसं टिपतो. 'वन लव्ह' म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं: बाहेर काय चाललंय, कोण फिरलं, तुझं मूल कसं आहे. शेवटी भेटतो बारा वर्षांचा एक मुलगा, निर्ढावल्यासारखा हसणारा. त्या मुलापाशी मी दर वेळी अडकतो.

डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर असे वेगवेगळे संगीत-निर्माते एकाच अल्बमवर घेण्याची पद्धत या अल्बममुळे रुजली. 'द वर्ल्ड इज युअर्स'मधला नाझचा आवाज रॅपर जे-झीने १९९६मध्ये स्वतःच्या गाण्याच्या ध्रुवपदात वापरला. मुंबईशीही धागा आहे: २०१९च्या 'एनवाय से मुंबई' या गाण्यात डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरसोबत नाझ आहे, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील या संगीत कंपनीची भारतीय शाखा सुरू झाली.

प्रभावात मी 'इल्मॅटिक'ला वरचा मान देतो. बिगीमुळे हिट गाणं कसं बांधायचं ते कळलं. ओळ कशी बांधायची ते नाझने दाखवलं.

म्हणूनच तुम्ही स्वतः मराठीत किंवा हिंदीत रॅप लिहीत असाल तर माझा सल्ला उलटा. थेट 'इल्मॅटिक'मधलं 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' लावा, पहिलं कडवं वहीत उतरवा आणि यमकं अधोरेखित करत जा. ती ओळीच्या शेवटी कमी आणि मध्येच जास्त सापडतील.