अक्कलदाढेचं ऑपरेशन: सर्जनला पाच स्टार, रविवारच्या फोनला शून्य

खालची डावी अक्कलदाढ मी दोन वर्षं नुसती लाडाने सांभाळत होतो. दर चार-पाच महिन्यांनी हिरडी सुजायची, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं, मग मेडिकलमधून गोळ्या, मिठाच्या गुळण्या, लवंग दाबून धरायची आणि आठवड्याभरात सगळं विसरून परत कणीस खायचं. यावेळी गाल एवढा फुगला की ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसलो, तेव्हा बायकोने धरून पुण्यातल्या सिंहगड रोडवरच्या या क्लिनिकमध्ये नेलं.

आधी बोर्डाबद्दल. बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय, अक्कलदाढ, इम्प्लांट, बोन ग्राफ्ट, जबड्याचं फ्रॅक्चर, तोंडातल्या गाठी, सगळं. वाचून वाटतं आत सर्जनची फौज बसलीय. तसं नाहीये. रोज दोन बीडीएस, म्हणजे दातांचे साधे डॉक्टर असतात, आणि ही सर्जरीची कामं करणारे ओरल सर्जन, म्हणजे त्यापुढे त्याच विषयात एमडीएस केलेले, फक्त मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी येतात. यात वाईट काही नाही, बहुतेक क्लिनिकमध्ये असंच चालतं, पण फोनवर कोणी सांगत नाही. फोनवर मला दाढ काढायचे 1,500 सांगितले होते. झाले 8,500. कारण 1,500 हे साधी दाढ पकडून काढायचे, हाडात अडकलेली कापून काढायची तर वेगळे. रिसेप्शनवरच्या मुलीला हा फरकच माहीत नव्हता, तिचा तरी काय दोष, तिला कोणी सांगितलं असेल तर ना.

पहिल्या दिवशी दाढ काढली नाही, हे मला आवडलं. सूज आणि पस असताना भूल नीट चढत नाही म्हणून दाढेवरच्या हिरडीखालचं साफ केलं, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक्स दिल्या आणि ओपीजी काढायला पाठवलं, तोच तो अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, ज्यात आपण डायनासोरसारखे दिसतो. त्यात माझी 38 नंबरची दाढ (दातांना नंबर असतात हे तेव्हा कळलं) पीएमपीच्या बसमध्ये शेजारच्याच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेल्या माणसासारखी आडवी पडलेली. आणि मुळं खालच्या ओठाला जाणाऱ्या नसेच्या अगदी जवळ. सर्जन म्हणाले, "याच्यात मला खोली दिसत नाही, थ्रीडी स्कॅन करू." त्या स्कॅनचे (सीबीसीटी म्हणतात त्याला) आणखी 2,500 गेले, तेव्हा मनात चरफडलो, खोटं कशाला बोलू. पण स्कॅनमध्ये दिसलं की मधे हाड आहे, नस आणि मुळं चिकटलेली नाहीत, मग ते स्क्रीनवर बोट ठेवून सांगायला लागले की कुठून कापणार, दाढ अख्खी न काढता दोन तुकडे का करणार, ओठ बधिर राहण्याची शक्यता किती कमी पण आहेच. दहा मिनिटं दिली माणसाने. एवढं तर आमच्या सोसायटीच्या प्लंबरनेही कधी समजावलं नाही.

आता प्रत्यक्ष ऑपरेशन, कारण हेच वाचायला तुम्ही आला असाल. दुखत नाही. खरंच. इंजेक्शनची टोचणी तेवढी लागते, आणि त्या औषधात ॲड्रेनालिन असतं त्यामुळे दोन मिनिटं छाती धडधडते, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं म्हणून घाबरलो नाही. मग अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जाड होते. त्यानंतर जे आहे ते सगळं आवाज आणि दाब. ड्रिल हाडावर फिरतं त्याचा आवाज कानाने नाही, कवटीतून ऐकू येतो, गार पाणी सारखं पडत असतं, असिस्टंट ताई एका हाताने सक्शन आणि दुसऱ्या हाताने माझी हनुवटी खालून उचलून धरलेली (तो हात नसता तर जबडा निखळला असता असं मला अजून वाटतं), आणि मग एक कट्ट असा आवाज. दाढ दुभंगली. सर्जन म्हणाले, "हे तुमचं नव्हतं, दाढेचं होतं." आधी वरचा भाग निघाला, मग मुळं. 35 मिनिटं, तीन टाके, काळा रेशमी दोरा. ट्रेमधले तुकडे बघायला मागितले, दिले, एवढासा तर जीव आणि दोन वर्षं छळलं.

तक्रार एकच इथली, संमतीपत्र खुर्चीत आडवं झाल्यावर हातात दिलं, तेही इंग्रजीत बारीक अक्षरात. आडवा पडून, गळ्यात तो निळा बिब, कोण वाचणार. आधी बाहेर बसवून मराठीत द्या की राव, तसाही पाऊण तास बसवून ठेवलंच होतं.

घरी आल्यावर पाऊण तास बोळा दाबून धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, पहिला दिवस सगळं गार. आईस्क्रीम डॉक्टरच खा म्हणतात हे ऐकून मुलगा म्हणाला मलाही दाढ आहे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी, पण खळखळून नाही, नुसतं तोंडात फिरवायचं. सूज तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा घाबरू नका. गुरगुट्या भात, ताक, खीर. पोहे मात्र खाऊ नका, एक दाणा खड्ड्यात गेला की दिवसभर जीभ तिथेच.

आणि मी काय केलं, शुक्रवारी संध्याकाळी जरा बरं वाटलं म्हणून टपरीवर चहाबरोबर एक सिगरेट ओढली. रविवारी पहाटे चारला कानात खिळा ठोकल्यासारखा ठणका. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरलेली असते, तिच्याखाली जखम भरते, ती निघून गेली की हाड उघडं पडतं, याला ड्राय सॉकेट म्हणतात, हे सगळं नंतर कळलं. तेव्हा फक्त फोन लावत होतो. अकरा वेळा. व्हॉट्सॲपला दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. कागदावर 'इमर्जन्सी' म्हणून नंबर छापलाय तो रिसेप्शनचाच. 8,500 घेता तर रविवारी एक माणूस फोन उचलायला ठेवा हो. पेनकिलर खाऊन दिवस काढला.

सोमवारी सकाळी रोजच्या डॉक्टर मॅडमनी बघितलं. "सिगरेट?" मी नाही म्हणालो. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे. खड्डा धुऊन औषधी पट्टी भरली आणि पाच मिनिटांत ठणका उतरला, आणि वास कसला तर लवंगतेलाचा! दोन वर्षं जी लवंग मी फुकट दाबत होतो तीच. एक दिवसाआड तीन वेळा पट्टी बदलली, त्याचे पैसे घेतले नाहीत, हेही लिहायला पाहिजे.

त्याच महिन्यात आईचीही एक तुटलेली दाढ इथेच काढली. ती हार्टसाठी रोज ॲस्पिरिन घेते. मावशीने दोन सल्ले दिले होते, एक म्हणजे गोळी आठ दिवस बंद कर, आणि दुसरा, दाढ काढली की नजर जाते. सर्जननी आईच्या हार्टच्या डॉक्टरांना स्वतः फोन केला, गोळी चालूच ठेवली, दाढ काढून खड्ड्यात रक्त थांबवणारा स्पंज घालून टाके मारले आणि तासभर बसवून घेतलं. डोळ्याची आणि दाताची नस वेगळी, हेही तिला शांतपणे सांगितलं. लगेच तिथे इम्प्लांटचं पॅकेज गळ्यात मारायला बघितलं मात्र रिसेप्शनने, ईएमआयसकट. सर्जन स्वतः म्हणाले तीन महिने जाऊ द्या, हाड भरू द्या, मग बघू. म्हणजे आतल्याचं ऐका, बाहेरच्याचं नको.

पैसे कमी असतील आणि वेळ असेल तर डेंटल कॉलेज बघा, मुंबईत नायर किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी, इथे धनकवडीला भारती विद्यापीठाचं आहे. खर्च बराच कमी, फक्त खेपा जास्त आणि शिकणारी मुलं काम करतात, वर सर असतात. मेडिक्लेमच्या भरवशावर राहू नका, माझ्या पॉलिसीने तर दाताचं म्हटल्यावर हातच झटकले.

उजवीकडची 48 नंबरची पण तशीच आडवी आहे. ती याच सर्जनकडून काढणार, पण यावेळी शनिवार घेतलाय. सॉकेट कोरडं पडायचंच असलं तर मंगळवारच्या आसपास पडेल, आणि मंगळवारी संध्याकाळी ते असतात.